बास्केट कुणाच्या नावावर

क्लिपरावाला नोकरी लागली ती दाजींच्या शब्दावर, आणि ही गोष्ट तीन वर्षं त्याला कुणी विसरू दिली नव्हती. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि बास्केटबॉल संघाचे कर्णधार. एकाचे दाजी ते सगळ्यांचे दाजी, या न्यायाने कालपरवा आलेला पोरगेलासा खेळाडूही त्यांना दाजीच म्हणायचा. मॅचच्या व्हिडिओचे तुकडे कापून ते सरांना, म्हणजे कोचना, दाखवायचे हे क्लिपरावाचं काम, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं.

प्रोजेक्टर जरा अडला की मागून कुणीतरी म्हणायचं, "चालायचंच, मेहुण्याची वर्णी आहे!" वशिल्याने आलेल्या माणसापुढे दोन रस्ते असतात. खाली मान घालून काम करावं, नाहीतर आपण कुणाचेच कुणी नाही हे जगाला दाखवत सुटावं. आमच्या शहाण्याने दुसरा धरला.

यंदा संघ तिसऱ्या नंबरावर होता. पहिले आठ संघ अंतिम फेरीत जातात. दाजी छत्तीस वर्षांचे, गुडघे कुरकुरणारे. चौदा वर्षं खेळून अंतिम फेरीचं तोंड पाहिलेलं नाही. हा शेवटचा मोसम, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. अशात दोन मॅच हरल्या. एवढंसं निमित्त झालं आणि क्लिपरावाने तक्ता काढला. समोरच्या संघाने बास्केट केली की तेव्हा त्या खेळाडूच्या सगळ्यात जवळ आपला कोण होता ते बघायचं आणि त्याच्या नावापुढे रेघ मारायची. सर खूश झाले. तक्ता कपडे बदलायच्या खोलीत आरशाशेजारी लागला, म्हणजे केस विंचरताना वाचल्याशिवाय सुटका नाही. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त रेघा दाजींच्या नावापुढे होत्या. क्लिपरावाला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आता म्हणा मेहुणा!

त्यानंतरच्या आठ मॅचपैकी सात हरल्या. वर्तमानपत्रं म्हणाली, संघ दमला. मालिशवाले म्हणाले, बूट बदलले म्हणून. मॅनेजरनी मुक्कामाचं हॉटेल बदललं. सरांनी सराव दुप्पट केला आणि खेळाडू दुप्पट गप्प झाले. एकमेकांत भांडण म्हणावं तर तेही नाही. बसमध्ये पाच जण पाच खिडक्यांना चिकटून बसायचे.

मग क्लिपरावाचा जुना कॉम्प्युटर बसला आणि नवा आला. जुन्याचा आवाज त्याने पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता, कारण सरांचं ओरडणं एकदा ऐकलं तेवढं पुरे होतं. नव्याचा आवाज आपोआप चालू झाला. सकाळची वेळ, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची त्याची खोली, समोर मोसमाच्या सुरुवातीची एक मॅच. नुसता कालवा ऐकू आला. "डावीकडे!" "सोडू नको त्याला!" "जा तू, मागे मी आहे!" आणि दर मिनिटाला खांबाचा तो घोगरा एकच शब्द, "आलो!" खांब म्हणजे संघातला सगळ्यात उंच गडी. समोरच्याने आपल्या कुणाला चकवलं की रिंगखालून धावत मदतीला जायचं, हीच त्याची अर्धी नोकरी.

त्याने गेल्या आठवड्यातली मॅच लावली. बुटांची करकर, प्रेक्षक, सर. खेळणारे पाच जण मात्र हाताची घडी तोंडावर बोट. त्याला वाटलं माइक बिघडला असेल, म्हणून त्याने दुसरी मॅच लावली, मग तिसरी. मग चित्र नीट पाहिलं. भिंगरी, म्हणजे आपल्या संघातला चेंडू पुढे आणणारा चपळ पोरगा, चकला. खांब तीन पावलांवर. खांबाने एक पाऊल टाकलं, पण मागे. जवळ गेला असता तर बास्केट त्याच्या नावावर लागली असती. पुढच्या तुकड्यात दुसरा कुणी चकला, पण मागे सरकणं तेच.

क्लिपरावाचा करार याच महिन्यात संपत होता आणि तक्ता बघूनच मॅनेजर म्हणाले होते, "तुम्हाला कामावरून काढणार नाही." गप्प बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने चहाचा कप दोनदा धुतला आणि सरांकडे गेला.

सरांनी सुरुवातीची आणि गेल्या आठवड्यातली, दोन्ही मॅच ऐकल्या.

"तक्ता माझ्या सहीने लागलाय," ते म्हणाले.

"काढला मी होता, सर."

"मग उतरवही तूच. आणि त्यांना का ते तूच सांग. मला नाही जमायचं."

दुपारी सगळ्यांसमोर त्याने तक्ता उतरवला आणि अडखळत सांगितलं, की मॅच तुम्ही नाही हरलात, या कागदाने हरवल्यात. मग खांब म्हणाला, "तुला आज कळलं होय? आम्हाला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

खांबाने दाजींकडे पाहिलं. भिंगरीनेही पाहिलं. दाजी खाली वाकून नाडी बांधत होते. बांधलेली नाडी त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

तीन मॅच उरल्या होत्या आणि तिन्ही जिंकायला हव्या होत्या. पहिली जिंकली. दुसरीत तर असा गलका झाला की पंचांनी दोनदा समज दिली, तीही जिंकली. तिसरीत सगळे जीव तोडून खेळले. खांब सतरा वेळा मदतीला धावला, कुणाचीच काही चूक नव्हती, आणि एका गुणाने हरले. नंबर नववा लागला.

खोली रिकामी झाल्यावर दाजी घोट्याची पट्टी सोडवत बसले होते. क्लिपराव समोर जाऊन उभा राहिला.

"दाजी, तुम्हालाही तिसऱ्या दिवशीच कळलं होतं?"

"दुसऱ्या."

"तुम्ही कॅप्टन. एक शब्द टाकला असतात तर सरांनी त्याच दिवशी उतरवला असता."

"तक्ता उतरवला असता, आणि तुलाही. मॅनेजर तेव्हा एक माणूस कमी करायचं बघतच होते." पट्टी निघेना, त्यांनी दातांनी फाडली. "या पोरांना मीच म्हटलं, बोलू नका, खेळून सावरू. मला वाटलं सावरता येईल."

"अहो, पण तुमचा शेवटचा मोसम होता!"

"होता ना. मग काय करू? मीच आणलेल्या माणसाला मीच घरी पाठवू? तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं?"

क्लिपरावाला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दाजींनी बूट पिशवीत भरले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "चल, ताई जेवायची थांबली असेल." बाहेरच्या लांब बोळातून ते लंगडत पुढे चालले. त्यांच्या बरोबरीने चालायचं क्लिपरावाला धाडस होईना. तो दोन पावलं मागेच राहिला.