सोमवारी जुंपायचं नाही

आमच्या मालकाचं रजिस्टर उघडून पाहिलं तर अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्याइतका आराम कुणाच्या नशिबी नाही. वर्षात आठवडे बावन्न, आणि माझ्या नावापुढं सुट्ट्याही बावन्न. एखादी जास्तच निघेल. एवढा आराम करूनही परवाच्या शुक्रवारी, भर दुपारी, चालत्या गाडीच्या स्टेअरिंगवर माझा डोळा लागला. माणसानं आळशी असावं तरी किती!

मी हरिबा. राखेचा हायवा, म्हणजे मोठा टिपर, चालवतो. परळीच्या वीज केंद्राची राख भरायची, तलवाड्याच्या बाजूला वीटभट्ट्यांवर नेऊन ओतायची आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा राखेच्या लाइनीत लागायचं. आमचे मालक सुंदरराव. त्यांचे सात हायवा आणि आम्ही सात ड्रायव्हर. गावच्या चौकातल्या फ्लेक्सवर सुंदररावांच्या नावाआधी ‘कामगारांचे कैवारी’ असं छापलेलं आहे, त्यामुळं त्यांच्याबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही.

मागं एकदा सरकारी पत्र आलं. मालकानं आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि मुनीम अंगदला ते मोठ्यानं वाचायला लावलं. ड्रायव्हरला सात दिवसांत एक पूर्ण दिवस विश्रांती द्यावी, ती बुडाली तर नंतर बदलीची सुट्टी द्यावी, आणि या सगळ्याचं रजिस्टर ठेवावं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. आमच्यातला उत्तरेश्वर तर लाजला. लग्न झाल्यापासून त्याला पूर्ण दिवस घरी राहता आलं नव्हतं.

सुंदररावांनी मात्र नियम नीट समजून घ्यायचं ठरवलं. कायद्याच्या बाबतीत ते फार काटेकोर.

“विश्रांती म्हंजी काय बे, अंगद?”

“म्हंजी गाडी न चालवणं, मालक.”

“मंग राखेच्या लाइनीत गाडी चालती का?”

“न्हाई. उभी असती.”

“टायर फुटल्यावर?”

“तवाबी उभीच असती.”

“मंग झालं की! लिव्ह, विश्रांती.”

उत्तरेश्वर हळूच म्हणाला, “पर मालक, लाइनीत दर पाच मिन्टाला गाडी पुढं घ्यावी लागती. झोपावं कसं?”

“पाच-पाच मिन्टाचीच झोप घे की बे! थेंबे थेंबे तळं साचतं.”

मग अंगदनं लाइनीतले, पंक्चरचे, जेवणाचे सगळे तास मिळवले. आम्हाला आठवड्याला दीड दिवस आराम मिळतो असं निघालं. वरचा अर्धा दिवस मालकानं मोठ्या मनानं माफ केला. तेव्हापासून रजिस्टरात दर सोमवारी आमच्या सातही जणांच्या नावापुढं ‘विश्रांती’ असं टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं असतं. अंगदचं अक्षर खरंच चांगलं आहे.

तर तो शुक्रवार. मी माजलगावच्या अलीकडं होतो. ऊन तापलेलं, राख भरलेली, रस्ता सरळ. सरळ रस्ता फार वाईट. डोळा कधी मिटला ते कळलं नाही, उघडला तो शिट्टीच्या आवाजानं. ती शिट्टी मी लहानपणापासून ऐकतोय. आमचा बापही मेंढरं वळताना अशीच मारायचा. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक मेंढी उभी होती, आणि तिच्या मागं, तिला ओढायला वाकलेला, माझा सख्खा भाऊ सटवा.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं फक्त दार उघडलं, मला खाली घेतलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं.

“दादा,” तो म्हणाला, “म्या हात हालवत हुतो. तू माह्याकडंच बघत हुतास. डोळे उघडे हुते तुहे.”

मला फार भीती वाटली. मरणाची नाही, मारण्याची. आजवर गाडी घाटात बंद पडली, भट्टीवर रुतली, कशाला घाबरलो नाही.

घरी बायकोला, सत्यशीलाला, सगळं सांगितलं. ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “एक अख्खा दिवस घरी झोपल्याबिगर तुमी स्टेरिंगला हात लावायचा न्हाई.”

शनिवारी मालकाकडं गेलो. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि अंगदला रजिस्टर आणायला सांगितलं.

“हरिबा, ह्ये बघ. ह्या महिन्यात चार आराम झालेत तुहे. अजून मागतूस? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

खरंच, रजिस्टरात चारही होते. मी शनिवारी गाडी काढली आणि रविवारीही काढली. बायकोला सांगितलं की मालक विचार करतायत.

पण सत्यशीला मेंढपाळाची लेक. कळप वळवायचा तर पुढच्या मेंढीला वळवायचं, हे तिला माहीत. रविवारी ती थेट मालकाच्या आईकडं, भिवराबाईंकडं गेली. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पण त्या घरात तिचा शब्द मोडायची सुंदररावांची छाती नाही. आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. वैजनाथाचा वार, नंदीचा वार. पेरणीचे दिवस असोत की काही असो, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. भिवराबाईंच्या दावणीला आता एकच जोडी उरलीय आणि ती नुसती फोटोसाठी, तरी तिचाही सोमवार कडक पाळला जातो.

नवऱ्यासाठी सुट्टी मागितली तर म्हातारी रजिस्टरच मागवेल, हे सत्यशीलानं ओळखलं होतं. म्हणून तिनं ती माझ्यासाठी मागितलीच नाही. गाडीसाठी मागितली.

“माय,” ती म्हणाली, “पोळ्याला तुमी हायव्यांची बी पूजा करता. त्यांना झुली-गोंडे बांधता, निवद दाखवता. बैलाच्या जागी मानता. मंग सोमवारी त्यांना जुंपता कसं?”

भिवराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आगं बया! आन् ह्ये मला आजवर कुणीच कसं न्हाई सांगितलं? सुंदऱ्या!”

पाच मिनिटांत निकाल लागला. सरकारच्या दोन पानी पत्रानं जे झालं नव्हतं ते म्हातारीच्या एका हाकेनं झालं. सोमवारी एकही हायवा हलणार नाही. सत्यशीला नाचतच घरी आली. गाडी उभी म्हटल्यावर ड्रायव्हर मोकळा, असा तिचा हिशेब. कुणालाही तसंच वाटलं असतं.

सोमवारी सकाळी गाड्यांना कुंकू लावायला म्हणून आम्हाला बोलावलं. सातही हायवा अंगणात ओळीनं उभे. कुणी त्यांच्या आरशालाही हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. नारळ फुटल्यावर सुंदररावांनी कामं वाटली. उत्तरेश्वरला पाण्याचा टँकर, दोघांना ट्रॅक्टर, तिघांना खडीच्या भाड्याच्या गाड्या, आणि मला मालकाची जीप, भिवराबाईंना वैजनाथाच्या दर्शनाला न्यायला.

मी म्हणालो, “मालक, आज सोमवार हाय.”

“गाड्यांचा हाय. तुमचा कुठं हाय? तुमाला काय शिंगं हायत का?”

सगळे हसले. मीही हसलो. मालकाच्या विनोदाला हसायची सवय असते. कोपऱ्यात अंगद आमच्या नावापुढं ‘विश्रांती’ लिहीत होता.

भिवराबाई मागं बसल्या, मालक पुढं माझ्या शेजारी. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि मला समोरच्या काचेत ती मेंढी दिसली, वाकलेला सटवा दिसला. मी गिअर टाकला नाही.

“मालक, पट्टा लावा. मायला बी लावा.”

“कावून?”

“शुक्रवारी ह्येच डोळे उघडे ठेवून झोपलो हुतो. थोडक्यात भाऊ वाचला माहा. तवापून तीन राती मिळून सात तास बी झोप न्हाई. नेतो म्या तुमाला. तेवढं वैजनाथाचं नाव घेत बसा.”

मालकानं माझ्या डोळ्यांत पाहिलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच असेल. मग ते दार उघडून इतक्या चपळाईनं खाली उतरले की चप्पल आत राहिली.

“आरं, माणूस हायस का कोण? माय बसलीय गाडीत! झोप न्हाई तर सुट्टी मागायची न्हाई का?”

“शनिवारी मागितली हुती.”

“मंग नीट सांगायचं न्हाई का बे!”

नियम अखेर मालकाला समजला. दोन पानांत नसेल कळला, पण शेजारच्या सीटवर बसल्यावर लगेच कळला. मला त्यांनी तिथल्या तिथं घरी पाठवलं आणि जीप स्वतः चालवत नेली.

घरी येऊन मी अंग टाकलं. सत्यशीलानं दार लोटलं, पंखा लावला, कोंबड्यासुद्धा हाकलल्या. डोळे मिटता मिटता ती सटवाला फोन करताना ऐकू आलं. आवाज आनंदानं फुटत होता.

“भावजी, आज मेंढरं बिनघोर रस्त्यानं आणा. तुमचे दादा घरी झोपलेत. आन् सातीच्या साती हायवा उभे हायत!”

सटवाचा आवाज फोनमधून बाहेरपर्यंत आला. “हायवा उभे हायत, वैनी. पर आत्ताच उत्तरेश्वर टँकर घिऊन गेला. म्या शिट्टी मारली, हात हालवला. माह्याकडंच बघत हुता त्यो. वळखलं न्हाई.”

मी उठून बसलो. सत्यशीलानं माझ्या छातीवर हात ठेवून मला परत आडवं केलं.

“मंग बांधावरनंच आणा,” ती फोनवर म्हणाली.