चुन्यावर पाणी

कळीच्या चुन्यात पाणी पडलं की तो खदखदतो, हे आमच्या घरात पोराला चालता येण्याआधी कळतं. सावनेरला आमची चुन्याची भट्टी. चुना विझवताना हौदात पाय घसरलेल्या एका मजुराची पोटरी सोलून निघालेली मी पाहिली होती. म्हणून म्हणते, मी जे केलं ते अडाणीपणाने नाही, पक्क्या माहितीने केलं. तेच तर मला खातं.

शहाण्णवची दिवाळी तोंडावर आली होती. माझ्या धाकट्या दिराला, गोविंदाला, कोराडीच्या वीजघरात नोकरी लागली. ऐन घरं पांढरी करायच्या दिवसांत हा भट्टी सोडून चालला म्हणून माझा नवरा चंपतराव पिसाळला. नोकरीचा कागद फाडला, गोविंदाच्या थोबाडीत दिल्या, मग फावड्याच्या दांड्याने त्याची पाठ फोडून काढली. चौथ्या तडाख्याला गोविंदा वळला आणि हौदाकाठचा चुना घमेल्यानं उचलून त्याने भावाच्या तोंडावर फेकला.

नवरा मातीत लोळून गुरासारखा ओरडू लागला. आधी भानावर आला तो गोविंदाच. पाण्याची घागर घेऊन धावला. मी लाथ मारून ती फोडली.

"पाणी टाकतं काय रे मुडद्या? उकळंन ना डोळ्यात!"

आणि मी नवऱ्याच्या डोळ्यांत गोडं तेल ओतलं.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पापण्या उलटून पाहिल्या आणि त्या भडकल्याच. "तिथल्या तिथे घागरभर पाण्याने धुतले असते तर डोळे एवढे जळले नसते. तेल कोणी घातलं?"

"यायच्या भावानं," मी नवऱ्याकडे बोट करून म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

नवऱ्याला ते पटलं. त्या दिवशी त्याने स्वतःच्या ओरडण्याशिवाय काही ऐकलंच नव्हतं. माझा भाऊ रुपराव यानेही ऐकलं आणि भर बसस्टँडवर गोविंदाला लाठीने झोडपलं. उजवा हात मोडला. मीच सांगितलं होतं, सोडू नको म्हणून.

चार महिन्यांत नवऱ्याचे दोन्ही डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे झाले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, बुबुळाच्या काठाला बारीक बी असतं, रोज नवं कातडं तिथूनच उगवतं. चुन्याने ते बीच जळलं. सख्ख्या भावाच्या डोळ्याच्या काठची चकती मिळाली तर एका डोळ्यावर लावून बघू, पण खात्री नाही.

मी पिशवीत विळा टाकून कोराडीला गेले. गोविंदाने फाटका कागद चिकटवून नोकरी धरली होती. अंगावर कोळशाची राखच राख.

"काठ दे, नाही तं डोळाच काढतो तुया," मी विळा दाखवला.

"ठेव तो, वहिनी. येतो मी. पण सांग, घागर कोणं फोडली?"

मी त्याच्या मुस्काटात मारली. खरं बोलला ना तो! तरी तो माझ्याच बसमध्ये चढला.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली त्या सकाळी नवऱ्याने आधी खिडकी पाहिली. मग भिंत. मग दारातला, एका डोळ्यावर बोळा बांधलेला गोविंदा. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत नवऱ्याने सलाइनचा लोखंडी दांडा उपसला.

"माह्या डोळ्यात तेल ओततं काय बे?"

गोविंदा हलला नाही. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी पुन्हा खोटंच बोलले असते, एवढी मी नालायक. मी मधे शिरले.

"घागर म्या फोडली. तेल म्या ओतलं. त्यानं तं पाणी आणलं होतं तुमच्यासाठी."

दांडा क्षणभर वरच राहिला. मग आला तो थेट माझ्या कपाळावर. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, आणि सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला. इतके महिने ज्याला पाण्याचा पेला चाचपून सापडत नव्हता, त्याचा नेम तसूभरही चुकला नव्हता.

त्याने दुसऱ्यांदा उगारलेला दांडा गोविंदाने वरच्यावर धरला. माझ्या खोट्यापायी मोडलेल्या त्या उजव्या हाताने.