एक्क्याऐंशी सालची कावीळ

शिशिर पेंढारकरांचा उजवा हात सव्वीस जानेवारीला सलामीतच अडकला आणि तसाच रायपूरच्या समता कॉलनीतल्या हाडांच्या डॉक्टरकडे नेण्यात आला. वाटेत दोन ट्रॅफिक शिपायांनी उलट सलामी ठोकली, आणि तिसऱ्याने तर गाडीसाठी अख्खा चौक मोकळा करून दिला.

असं काही झालेलं नाही. शाळेच्या अहवालात ‘मुख्य अतिथींनी सलामी स्वीकारली व प्रस्थान केले’ एवढंच आहे. अहवाल पीटीचे लहानू खोब्रागडे सर यांनी स्वहस्ते लिहिला आहे, त्यामुळे शंकेला जागा नाही. आपणही ती घेऊ नये. आपण बारा दिवस मागे, ग्राउंडवर जाऊ. तिथे अजून कोणाचाच हात कुठे अडकलेला नाही, आणि खोब्रागडे सर नववीच्या पोरांना विचारत आहेत की डावा पाय कोणता, हे तुम्ही मतदान करून ठरवता का.

तेवढ्यात प्राचार्या पद्मिनी मॅडम शाल सावरत आल्या.

“सर, चीफ गेस्ट फायनल हो गए. अपने ही भूतपूर्व छात्र हैं. सिलतरा में फॅक्टरी है उनकी. शिशिर पेंढारकर.”

लहानूंच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. पोरं थांबली. शेवटच्या रांगेतली चार थांबली नाहीत, ती पुढच्यांवर जाऊन आदळली.

“पहचानते हैं?”

“हव. एका बाकावर बसत होतो.”

“फिर तो बढ़िया है. बस, परेड छोटी ना लगे सर. बच्चे ही कितने बचे हैं.”

ब्राह्मणपाऱ्याला लागून असलेल्या या मुलांच्या हायस्कुलात एकेकाळी नऊशे पोरं होती. आता एकशे बारा. त्यांतली सोळा फक्त परीक्षेला येत.

“परेड मोठी दिसन मॅडम,” लहानू म्हणाले. “फक्त तसं लिहून द्या.”

“क्या लिखूँ?”

“परेड भव्य हो. एवढंच.”

मॅडमनी तिथेच वहीचं पान फाडून लिहून दिलं, खाली सही केली, शिक्का मागाहून मारला. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत लहानू एवढं शिकले होते, की सूडसुद्धा लेखी आदेशाशिवाय घेऊ नये.

सूड कशाचा, ते सांगायला हवं.

एक्क्याऐंशी साली लहानू अकरावीत होता आणि सव्वीस जानेवारीच्या परेडचा कमांडर होता. रेल्वेच्या वॅगन शॉपमधल्या फिटरचा मुलगा कमांडर होण्याची ही शाळेतली पहिलीच वेळ. ड्रिलच्या यज्ञेश्वर सरांनी त्याचा आवाज ऐकून त्याला निवडलं होतं. तो ‘दाहिने देख’ म्हणाला की शाळेसमोरून जाणारे रिक्षावालेही उजवीकडे बघत. तलवार फक्त त्या दिवशी कपाटातून निघायची, म्हणून दोन महिने त्यानं मोडक्या हॉकी स्टिकवर सराव केला. बापानं सुट्टी टाकली. रेल्वे क्वार्टरमधली बावीस माणसं पोराला बघायला कुंपणाशी येऊन उभी राहणार होती.

आणि त्या पहाटे आईनं त्याच्या तोंडाला हळद-बेसन लावलं. पोरगा पाचशे लोकांसमोर चालणार, चेहरा उजळ दिसायला नको? घाईत धुतलं, नीट निघालं नाही. गेटपाशी लहानू बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा शिशिर सायकलवरून आला. त्यानं लहानूकडे एकदा बघितलं आणि न बोलता आत गेला. पाच मिनिटांनी यज्ञेश्वर सर धावत बाहेर आले, त्यांनी लहानूची पापणी खाली ओढली, गाल बघितला, आणि दोन पावलं मागे सरकले.

“शिशिर बोला, तेरे को पीलिया हुआ है. घर जा. बच्चों में मत घुस.”

“सर, हळद आहे ही.”

“हाँ हाँ, सबको पहले यही लगता है.”

कुंपणाबाहेरच्या बावीस माणसांनी शिशिरला तलवार घेऊन चालताना बघितलं आणि टाळ्याही वाजवल्या, कारण लांबून त्यांना तो लहानूच वाटला. पुढचे चौदा दिवस हजेरीपटात लहानूच्या नावासमोर ‘बीमार’ लिहिलं गेलं. रेल्वेच्या डॉक्टरांनी ‘यास काहीही झालेले नाही’ असं सर्टिफिकेट दिलं, पण शाळेनं ते घेतलं नाही. शाळेला ‘आता बरा आहे’ असं हवं होतं, आणि डॉक्टर म्हणाले, जो आजारी पडलाच नाही त्याला मी बरा कसा करू.

सगळ्यात वाईट म्हणजे बापाचा विश्वास बसला. “शाळा खोटं कायले बोलन?” असं म्हणून त्यानं पोराला चौदा दिवस उकडलेली लौकी, म्हणजे दुधी, आणि उसाचा रस दिला, गळ्यात कावीळ उतरायची माळ घातली, आणि पंधराव्या दिवशी कावीळ उतरली म्हणून नारळ फोडला. बाप मरेपर्यंत लोकांना सांगायचा, माझा पोरगा कमांडर होणार होता, पण तब्येतीनं धोका दिला. आईनं मात्र पुन्हा कुणाच्या तोंडाला हळद लावली नाही. लहानूच्या लग्नातसुद्धा लांब उभी राहिली.

पुढे लहानू त्याच शाळेत पीटी शिक्षक झाले. ऑफिसबाहेर त्या परेडचा फोटो होता. शिशिर, तलवार, पांढरे हातमोजे. लहानू रोज त्याच्यासमोरून गेले. येत्या जूनमध्ये ते रिटायर होणार होते, म्हणजे हिशेब मिटवायला एकच सव्वीस जानेवारी उरली होती, आणि ती मॅडमनी आयती ताटात वाढून दिली होती.

“तुम्ही त्याच्या मागं काहून लागले?” अंजनाबाई रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाल्या. “माणूस येईन, हार घालून घेईन, समोसा खाईन, जाईन.”

“सलामी घेईन.”

“मंग घेऊ द्या.”

“घेऊच देऊन राहिलो ना.”

अंजनाबाईंनी हसणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती; हा माणूस हसला की काहीतरी मोडतं, हे त्यांना माहीत होतं.

परेडचा नियम साधा आहे. शेवटची तुकडी मंचासमोरून जाईपर्यंत मुख्य अतिथीचा हात खाली येत नाही. शेवटची तुकडी कोणती, हे पीटी शिक्षक ठरवतो. बाकी लहानूंनी पावलं मोजून काढलं. मंच ओलांडला की डावीकडे वळायचं, सायकल स्टँडच्या मागून, संडासाच्या भिंतीआडून, पाण्याच्या टाकीपाशी टोपी बदलायची, हातातला फलक बदलायचा, आणि पुन्हा सुरुवातीला. एकशे नव्वद पावलं.

यंदाचा कमांडर होता अकरावीतला बुद्धभूषण. उंच, सडपातळ, आवाज चांगला. त्यानं फलक वाचून काढले.

“सर, भूगोल मंडल तो अपने यहाँ है ही नहीं.”

“सव्वीस तारखेले असन.”

“और ये आपदा प्रबंधन दल?”

“आपदा आली की लागनच ना बे.”

बुद्धभूषणनं फलक काखेत घेतले. “कितने राउंड, सर?”

“मी शिट्टी वाजवीन तवा थांबायचं.”

पोट्ट्यांना कारण विचारावंसं वाटलं नाही. वर्गात बसण्याऐवजी संडासामागून गोल फिरायला मिळणं, यापेक्षा मोठं कारण त्यांना ठाऊक नव्हतं.

सव्वीसला शिशिर पेंढारकर पांढऱ्या गाडीतून उतरले. केस अजून काळे, म्हणजे काळे केलेले. त्यांनी लहानूंना मिठीच मारली.

“लहान्या, अरे तू तर अजून तसाच आहेस. मी बघ, ढेरी.”

“चालते. हात वर गेला म्हणजे झालं.”

पीटी शिक्षकानं मुख्य अतिथीच्या शेजारी, एक पाऊल मागे उभं राहायचं असतं. लहानू उभे राहिले. झेंडा झाला, बँड सुरू झाला, शिशिरचा हात कपाळाला गेला. माइकवर दहावीतला लोकेश एकेका तुकडीचं नाव घेऊ लागला. लाल सदन. नील सदन. स्काउट. रेड क्रॉस. विज्ञान मंडळ. प्रत्येक वेळी बुद्धभूषण मंचासमोर आला की गर्जायचा, “दाहिने देख”, आणि शंभर पोरं शिशिरकडे माना वळवून बघायची.

दहा मिनिटं झाली. इको क्लब तुळशीच्या कुंड्या घेऊन गेला.

“बरीच पोरं आहेत रे शाळेत,” शिशिर ओठ न हलवता म्हणाले.

“वाढून राहिली.”

अठरा मिनिटं. भूगोल मंडळ. वाचनालय समिती. वाचनालय गेल्या पाच वर्षांपासून बंद होतं, पण समिती जोमात चालत होती.

“तो डोक्याला पट्टीवाला मघाशी गेला ना?”

“जुळा आहे.”

“चष्मेवाला जाडा?”

“तोबी.”

“अजून किती राहिलेत?”

“येऊन राहिले.”

मंचावर पद्मिनी मॅडम कौतुकानं बघत होत्या. एकशे बारा पोरांच्या शाळेत एकामागून एक अकरा तुकड्या आलेल्या पाहून त्यांनी एकदा बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं. भव्य हो, असं त्यांनीच लिहून दिलं होतं.

पंचविसाव्या मिनिटाला शिशिरचं कोपर थरथरू लागलं. लहानू अर्धं पाऊल पुढे सरकले.

“शिशिर, एक्क्याऐंशीची कावीळ आठवते?”

“तुझी? अरे म्हणजे काय. मी किती घाबरलो होतो. गेटवर पिवळाधम्मक दिसलास. आईनं तुझ्यासाठी उसाचा रस पाठवला होता.”

“पेलो होतो.”

“ऐनवेळी मलाच उभं केलं सरांनी. रात्रभर तुझी काळजी वाटत होती.”

तो खोटं बोलत नव्हता. हे लहानूंनी ओळखलं. पंचेचाळीस वर्षं ही गोष्ट तो इतक्या लोकांना इतक्या मायेनं सांगत आला असणार, की आता त्याच्या आत दुसरी गोष्ट उरलीच नव्हती. कबुली द्यायला माणूसच शिल्लक नव्हता. समोर फक्त एक थकलेला हात होता.

लोकेश माइकवर म्हणाला, “आपदा प्रबंधन दल.”

“हातमोजे,” लहानू म्हणाले.

“काय?”

“शाळेपाशी एकच जोडी होती. ती माह्या खिशात होती, मी तसाच घरी गेलतो. तुह्या हातात नवे कोरे पांढरे हातमोजे होते. फोटोत आहेत. सव्वीस जानेवारीले सकाळी सात वाजता दुकान उघडं होतं का बे?”

बँड वाजत होता. आपदा प्रबंधन दलाचा डावा पाय उजव्यात अडकून दोन पोरं पडली, उठली, पुन्हा चालू लागली. शिशिरचा चेहरा हलला नाही, पण कानाची पाळी हळूहळू लाल झाली. ते पुढे बघत राहिले.

“अजून किती राहिलेत, लहानू?” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, आणि ‘लहान्या’ त्यातून गेला होता.

लहानूंनी शिट्टी तोंडाजवळ नेली होती. ती त्यांनी खिशात घातली.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. बुद्धभूषणचा घसा पार बसला होता, ‘दाहिने देख’ आता नुसतं खरखरत होतं, आणि तरी तलवार दर वेळी तितकीच सरळ उतरत होती. शेवटच्या खेपेला तो मंचाकडे बघतच नव्हता. तो खोब्रागडे सरांकडे बघत होता, आणि त्या बघण्यात फक्त एक प्रश्न होता, की झालं का तुमचं. लहानूंनी शिट्टी वाजवली.

पुढचं काही झालं नाही हे आधीच सांगितलं आहे.

पुढच्या सोमवारी लहानूंनी रेकॉर्ड रूमची किल्ली मागून घेतली. जुना हजेरीपट वाळवीनं कडेनं खाल्ला होता, पण अकरावी ब चं पान शाबूत होतं. चौदा चौकोनांत चौदा वेळा ‘बीमार’. बाकी सगळे साक्षीदार मेले, विसरले किंवा स्वतःचं बोलणं खरं मानून बसले. खोटं उरलं होतं ते एवढंच. पण खाडाखोड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पद्मिनी मॅडमना अर्ज दाखवला.

मॅडमनी दोनदा वाचला. “सर, उस समय तो ये मध्य प्रदेश था. आपका पीलिया वहाँ का है. छत्तीसगढ़ उसे कैसे काटेगा?”

“मंग भोपाळले पाठवा.”

“वो बोलेंगे, स्कूल रायपुर में है.”

“तरी पाठवा, मॅडम. आवक क्रमांक तं पडन.”

मॅडमनी शिक्का मारला. अर्ज असा होता.

प्रति, सक्षम अधिकारी, जे कोणी असतील ते.

विषय : काविळीची नोंद रद्द करणेबाबत.

महोदय, सविनय विनंती की, दिनांक २६ जानेवारी १९८१ रोजी अर्जदारास कावीळ झाली नव्हती. हजेरीपटातील चौदा दिवसांची नोंद रद्द करून अर्जदार पहिल्या दिवशी पहाटे साडेसहापासून गेटवर हजर होता, अशी दुरुस्ती व्हावी. दुरुस्तीची एक प्रत अर्जदाराच्या वडिलांच्या नावे काढावी. पत्ता नाही. तसेच त्या वर्षीची तुकडी पुन्हा बोलावून सदर परेड एकदा घेण्यात यावी. सर्व जण आता साठीच्या पुढे असल्याने पावलं लहान ठेवण्यात येतील. आठ जण हयात नाहीत. त्यांच्या जागा रिकाम्या सोडून रांग सरळ कशी चालवायची, ते अर्जदारास येते.