कात्री चालू असताना

वहिनी अंथरुणाला खिळून राहिल्या असत्या तर भाऊजींचा फायदाच फायदा होता. खिडकीजवळचं कटिंगचं मोठं टेबल त्यांना मिळालं असतं, जिला हात लावायची दुकानात कुणाची टाप नव्हती ती कात्री मिळाली असती, आणि गिऱ्हाइकांनी त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली असती. बदल्यात भाऊजींनी करायचं काय, तर वहिनींची काळजी. ती ते मनापासून करत होते, हे आधीच त्यांच्या नावावर जमा करून टाकतो. पण प्रेम आणि फायदा एकाच दिशेला निघाले की प्रेमाला भलताच जोर चढतो.

दुकान कोट शिवायचं. वहिनी कापायच्या, भाऊजी फिटिंग बघायचे, आणि भाऊजींचे थोरले बंधू, म्हणजे वहिनींचे यजमान, मशीनवर बसायचे. मशीनच्या आवाजात बायकोचं नि भावाचं भांडण त्यांना ऐकू येत नसे. मशीन थांबलेलं असलं तरी येत नसे.

वहिनींच्या हृदयाचा जोर कमी झाला होता. पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली, रुग्णालयात राहावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी केलं आणि कटिंगही बंद केलं. "पुढच्या तपासणीपर्यंत सगळं ठीक राहिलं तर थोडं थोडं सुरू करू. नाहीतर कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची."

हे शेवटचं वाक्य वहिनींना औषधासारखं लागू पडलं. त्यांनी डॉक्टरांनाच विचारून रुग्णालयातल्या योगवर्गात नाव घातलं, आणि चिठ्ठीही मागून घेतली. तिथली शिक्षिका चिठ्ठीशिवाय कुणाला खुर्चीतसुद्धा बसू देत नसे. ती वयाने वहिनींच्या मुलीएवढी, पण बोलण्यात सासू.

"डोकं खाली जाईल असं काही करायचं नाही. भराभर श्वास फेकायचा नाही. श्वास रोखायचा तर अजिबातच नाही. हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. करता करता माझ्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना की थांबायचं. आणि गोळ्या चालूच ठेवायच्या, काकू."

"एवढंच? हा योग आहे की बसची वाट बघणं?"

"बसची वाट बघताना तुम्ही जीव काढत असाल. इथे तेवढंही करायचं नाही."

वहिनी रोज सकाळी दुकानात खुर्ची मांडून हात वर-खाली करू लागल्या. टेबलाकडे तोंड करून. शेजारच्या इस्त्रीवाल्याने पोट आत ओढून धडाधड श्वास सोडायचा प्रकार फुकटात शिकवायची तयारी दाखवली. वहिनींनी त्याला डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितलं.

"हवेचं माप घेताय का, वहिनी?" भाऊजी विचारायचे.

"तुमच्या खांद्यांचं घेतेय, भाऊजी. एक वर आहे, एक खाली."

असं बरं चाललं होतं. मग एका सकाळी हात वर असतानाच वहिनींच्या डोळ्यांपुढे खिडकी काळी झाली. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. भाऊजी धावले. मशीन थांबलं.

"आता हे खूळ बंद," भाऊजी म्हणाले. "टेबलाचं मी बघतो."

यजमान मशीनवरून उठून जवळ आले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरांना सांगायलाच हवं का? तपासणी तोंडावर आलीय. आपल्या तिघांशिवाय कुणी पाहिलं नाही."

"लपवून टेबलाशी उभी राहिले तर त्याच टेबलावर पडेन," वहिनी म्हणाल्या. "फोन लावा."

डॉक्टरांनी लगेच बोलावलं, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला. नवीन काही बिघडलेलं दिसेना. "श्वास रोखला होता का?" त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाल्या, आणि ते त्यांना खरंच वाटत होतं. "मग शिक्षिकेसमोर करून दाखवा. चक्कर कशामुळे आली ते कळल्याशिवाय मी टेबलाला परवानगी देणार नाही."

यजमानांना एक कोट पुरा करायचा होता, म्हणून वर्गात सोबतीला भाऊजी आले. ते कडेच्या बाकावर बसले.

शिक्षिका वहिनींसमोर खुर्ची ओढून बसली. "खांदे ताठतात तुमचे," ती म्हणाली. "का ते कळत नाही. पुन्हा करा. हळू, अगदी नीट."

वहिनींनी हात उचलला. डोळे बारीक झाले, ओठ मिटले. भाऊजींनी तो चेहरा ओळखला. त्या चेहऱ्यासमोरच ते काम शिकले होते. खांद्यापासून खालच्या कडेपर्यंत कात्री न उचलता एकच लांब काप, आणि काप पुरा होईपर्यंत श्वास बंद, कारण श्वासाने हात हलतो. काम जितकं नीट, तितका श्वास जास्त वेळ बंद. आणि शिक्षिका तर सारखं "नीट करा, नीट करा" म्हणत होती.

आता भाऊजींनी फक्त गप्प बसायचं होतं. कारण सापडलं नसतं, टेबल आपोआप त्यांच्याकडे आलं असतं, कुणी त्यांना बोलही लावला नसता. त्यांनी थोडा वेळ आपल्या बुटांकडे पाहिलं.

"कापताय तुम्ही, वहिनी," ते म्हणाले.

"काय?"

"हवेत कोट कापताय. कात्री चालू असली की तुम्ही श्वास कधी घेता?"

"मी रोखत नाही."

"तुम्हाला कळत नाही. मला कळतं. पट्टीचा मार खाऊन शिकलोय मी ते."

शिक्षिकेने भाऊजींकडे पाहिलं, मग वहिनींच्या मिटलेल्या ओठांकडे. "मग यापुढे हात हलतोय तोवर बोलत राहायचं, काकू."

"बोलू काय?"

"काहीही."

"भाऊजींचे दोष सांगू?"

"पुरतील?"

"हात खाली येईपर्यंत तर नक्कीच."

वहिनी बोलत राहिल्या. खांदे सैल राहिले. चक्कर आली नाही, त्या दिवशीही नाही आणि तपासणीपर्यंतही नाही. डॉक्टरांनी टेबलाला थोडी थोडी परवानगी दिली. उंच स्टुलावर बसून कापायचं, दमल्यासारखं वाटलं की थांबायचं, आणि श्वास कापतानासुद्धा चालू ठेवायचा.

हे शेवटचं सर्वांत अवघड होतं. टाकाऊ कापडावर वहिनींनी सराव सुरू केला. बोलता बोलता कात्री चालवली की कड वाकडी यायची. त्या कापड बाजूला सारायच्या, श्वास घ्यायच्या, दुसरा तुकडा पुढे ओढायच्या. दुपारभर तेच. काप आखूड झाले, मधे मधे कात्री थांबू लागली. थांबते तिथे बारीकशी खूण राहते. ती शिवणीत दडते, गिऱ्हाइकाला कधी दिसणार नाही. वहिनींना मात्र दरवेळी दिसते. त्या पुढे कापत राहतात.

तर शेवटी कुणी काय मोजलं? यजमानांनी मशीनच्या आवाजातली शांतता दिली. बायकोचं बोलणं थांबलं तर नाही ना, हे ऐकायला आता त्यांना मधेच मशीनवरचा पाय रोखावा लागतो. भाऊजींनी टेबल दिलं, तेही नुसतं गप्प बसून मिळत असताना. वहिनींनी आपला लांब काप दिला. मला विचाराल तर महाग तोच पडला.