तेरडा पिकेपर्यंत

गोदूबाई तरे गेल्या त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मोहन्यातल्या लोकांनी ठरवलं की नदीकडून आंबिवलीला जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव द्यायचं. आता नगरसेवकांच्या नावांचे रस्ते कल्याणात काय थोडे आहेत? पण या रस्त्याच्या दोन्ही कडा गोदूबाईंनी स्वतःच्या हातांनी पेरल्या होत्या.

नगरसेविका होण्याआधी त्या डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकत. परतताना रिकाम्या टोपलीत रानफुलांचं बी घेऊन यायच्या. ते राखेत घोळवून ठेवायच्या आणि पावसाच्या तोंडावर रस्त्याच्या कडेला फेकत चालायच्या. निवडून आल्यावर हा नाद सुटेल असं घरच्यांना वाटलं होतं. उलट त्यांनी पालिकेच्या माळ्यांनाच त्या नादी लावलं. नदीकाठची पाणथळ बुजवायला निघाली, तेव्हा सात वर्षं कचेरीत फेऱ्या मारून त्यांनी ती वाचवली. आज तिथं बगळे उतरतात. आणि जिथं पूर्वी फुटक्या फरशा नि प्लास्टिकचे ढीग असायचे, तिथं भाद्रपदात गुलाबी तेरडा, पिवळा कवला आणि कुर्डूचे तुरे माणसाच्या कंबरेला लागतात. नव्या टॉवरमधली माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. बी कुणी टाकलं हे त्यांतल्या अर्ध्यांना ठाऊक नसतं. गोदूबाईंनी ते कुणाला सांगितलंही नाही.

जनी ही त्यांच्याच गल्लीतली, त्यांच्याबरोबर मासळी विकायला जाणारी. वय सत्तरीच्या पुढे गेलं तरी तिची टोपली सुटली नव्हती.

अनंत चतुर्दशीच्या दिवशी साईनाथ तिच्या दारात आला. हा गोदूबाईंच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता वॉर्डातला मोठा कार्यकर्ता. रविवारी कार्यक्रम आहे, पालिकेचे साहेब येणार, नावाचा फलक लागणार आणि गोदूबाईंची जुनी सोबतीण म्हणून मावशीला शाल-श्रीफळ मिळणार, असं त्यानं मोठ्या आनंदात सांगितलं. उद्या सकाळी सातला सुशांत गवत कापायचं मशीन घेऊन येतोय, दोन्ही कडा लख्ख करून टाकणार. मग घोडबंदर रोडच्या नर्सरीतून शंभर कुंड्या येणार.

जनीच्या हातातलं ताट हातातच राहिलं.

तिनं सांगून पाहिलं. ही झाडं एका पावसाची असतात. दसऱ्यापर्यंत बी पिकतं, आपोआप खाली पडतं आणि पुढच्या पावसात तेच उगवतं. आत्ता कापली तर बी कोवळंच जाईल. गोदूबाई दसऱ्याआधी कडेला कोयता लावू देत नसत, ते याच्याचसाठी. साईनाथ हसला. गवताला काय, आज कापलं तर उद्या येतं, असं म्हणून तो मंडपवाल्याला फोन लावत निघून गेला. त्याच्या मनात खोट नव्हती. ताईंचा रस्ता शोभला पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

त्याला पटेल अशी आणखी एक गोष्ट जनीकडे होती. पण ती तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती, खुद्द गोदूबाईंनाही नाही.

सकाळी सुशांत मशीन खांद्याला अडकवून आला, तर जिथून कापायला सुरुवात करायची तिथंच, तेरड्याला पाठ लावून, जनी मासळी मांडून बसलेली. सुशांतनं तिला उठायला सांगितलं. धंद्याची वेळ आहे, म्हणाली. मशीनची दोरी खडे उडवते, जवळ माणूस असताना ते चालवता येत नाही. तो पलीकडच्या टोकाला जाऊ म्हणाला, तर तिनं टोपली उचलून त्याच्यासोबत चालायला सुरुवात केली. त्यात अकरा दिवस घराघरात मासळी बंद होती. कोळंबी आणि चिवण्या दिसल्याबरोबर दुचाक्या थांबू लागल्या. अर्ध्या तासात तिच्याभोवती गिऱ्हाइकांचं कोंडाळं झालं आणि सुशांत मशीन खाली ठेवून एकाला चिवण्या निवडून देऊ लागला. शेवटी त्यानंच साईनाथला फोन केला.

साईनाथ तणतणत आला. त्यानं एकदा गिऱ्हाइकांकडे, एकदा जनीकडे बघितलं.

"मावशी, तुला ताईंचा मान नको आहे का?"

"मला तेरडा पिकायला पंचवीस दिवस हवेत."

"आणि साहेबांना काय दाखवू? हे रान?"

जनीनं शेजारची एक शेंग तोडून त्याच्या तळहातावर ठेवली. दाब, म्हणाली. शेंग फुटेना. त्यानं नखानं सोलली, तेव्हा आत पांढरंशार बी निघालं. पिकलेली असती तर बोट लागताच फुटली असती आणि बी काळंभोर असतं, हे तिनं त्याला दाखवून दिलं. साईनाथनं बी निरखून पाहिलं, पण मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं काही त्यानं सोडलं नाही.

तेव्हा जनी गिऱ्हाइकांसमोरच बोलली.

"अठरा वर्षांपूर्वी ताई ठाण्याला इस्पितळात होती. कापणारे आले होते. माझी गिऱ्हाइकं सापांना भितात म्हणून मीच त्यांना कापा म्हटलं. पुढच्या साली इथं नुसतं गाजरगवत उगवलं. ताईला वाटलं, तिचंच बी खराब निघालं. पायाला पट्टी बांधून ती मलंगगडाच्या उताराला जायची, तीन वर्षं, परत बी आणायला. मी बरोबर जायची आणि गप बसायची."

कोळंबी मोजून घेणारी बाईही थांबली.

"आता कापलंस तर मलंगगडाला कोण जाईल? तू जाशील? माझे गुडघे तर नाय जाणार."

त्या तीन वर्षांत साईनाथही ताईंच्या मागे सावलीसारखा फिरला होता आणि त्याला हे माहीत नव्हतं. मग त्यानं सुशांतला मशीन गाडीत टाकायला सांगितलं. कुंड्या नकोत म्हणून नर्सरीला फोनही तिथूनच केला. समोरचा बहुतेक चिडला असावा, कारण साईनाथनं चार वेळा सॉरी म्हटलं. जाता जाता तो जनीला हळूच म्हणाला, "ताईला सांगायचं होतंस मावशी. ती रागावली नसती."

"म्हणूनच नाय सांगितलं," जनी म्हणाली.

रविवारी फलक लागला, पण कंबरभर फुलांमुळे त्यातलं अर्धं नाव दिसेना. साहेबांनी दोन पावलं आत जाऊन कुर्डूचे तुरे हातानं बाजूला केले, नाव मोठ्यानं वाचलं आणि भाषणात त्याबद्दल एक शब्दही वावगा काढला नाही. उलट या फुलांची नावं त्यांनी जनीलाच विचारली आणि तिनं ती माइकवर एकेक करून सांगितली.

मंडप सुटल्यावर साईनाथ दुभाजकावर बसून पांढऱ्या पँटला चिकटलेलं आघाड्याचं बी काढत होता. एकेक दाणा तो डाव्या मुठीत ठेवत होता. मूठ भरल्यावर उठला आणि ती नाल्याच्या तोंडाशी रिकामी करायला वाकला.

"तिथं नको," खांद्यावरची शाल सावरत जनी म्हणाली. "तिथं पाणी तुंबतं. जरा वर टाक."

साईनाथ मूठ घेऊन चढणीकडे चालू लागला.