माझ्या धुराड्यातले मातीचे घर

मित्रांनो, ओट्याखाली कपाटाएवढी माझी जागा. मी एका जुन्या मोटारघरातला, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरातला, गॅसचा हीटर आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझा पत्रा आरशासारखा चकचकीत होता, हे आता कोणाला पटायचे नाही.

आधी माझा पंखा फिरतो. त्याच्या वाऱ्याने पत्र्याची एक इवलीशी पट्टी उचलली गेली, तरच गॅस सुटतो आणि ठिणगी पडते. एवढ्याशा पट्टीच्या हाती माझ्या आगीची चावी कोणी दिली असेल, याचे मला अजून नवल वाटते.

घराचे मालक लाइलआजोबा थंडीआधी बाहेर जाऊन भिंतीतले माझे धुराडे फडक्याने पुसत. "हा आहे म्हणून आपण आहोत," असे आपल्या बायकोला, आर्डिसआजींना, सांगत. मी फुगून जाई. आजोबा वारले आणि मला कोणी विचारीनासे झाले.

यंदा अमेरिकेतल्या मोंटानात नदीकाठी आमचे घर उभे असताना, न्याहारीआधीच बर्फ सुरू झाला. आजींनी बटण फिरवले. पंखा घुरघुरला, पण आग पेटेना. नेमकी तेव्हाच त्यांची मुलगी जोलीन येऊन थडकली.

"आई, घरात तोंडातून वाफ निघतेय! जेवणापर्यंत हा पेटला नाही तर तू माझ्याबरोबर शहरात यायचं. हे खटारं भंगारात!"

"खटारं म्हणू नकोस. तुझं लहानपण यातच गेलं."

"म्हणून तर माझं नाक जन्मभर वाहतंय!"

भंगाराचे नाव ऐकून मी होतो त्याहून गार पडलो.

आजींनी शेगडी पेटवून पाहिली. निळी ज्योत आली, म्हणजे गॅस होता. बॅटरीही भरलेली होती. जोलीनने माझ्या जाळीपुढचे रजयांचे गाठोडे ओढून कान लावला.

"पंखा फिरतोय, पण ठिणगीची टिकटिक नाही."

"म्हणजे पट्टी उचलली जात नाहीये. वारा अडतोय कुठेतरी. तुझे बाबा आधी धुराडं बघायचे."

बटण बंद करून दोघी बर्फात उतरल्या. जोलीनने टॉर्च मारला. आत मातीचे घर होते, कुंभारीण माशीने बांधलेले! ती उन्हाळाभर माझ्याशी गुणगुणत होती. मला वाटले, निदान हिला तरी माझी आठवण आहे.

जोलीनने पेचकस उगारला.

"अगं थांब! अख्खं काढ," आजी म्हणाल्या.

काढताना एक कोपरा फुटला. आत तपकिरी, पातळ कोशात इवलासा जीव झोपला होता.

"एकटीनं केलं गं हे सगळं. चिखलाची एकेक गोळी तोंडात धरून," आजी पुटपुटल्या.

मी थक्क झालो. रुसून बसलो होतो मी, आणि माझ्या गळ्यात वसंताची वाट पाहत कोणीतरी निजले होते! त्या सकाळी मी पेटलो असतो तर?

आजींनी ते घर सरपणाच्या ढिगाआड, कोरड्या जागी ठेवले. मग बटण फिरवले. पंखा फिरला, पट्टी उचलली गेली, टिकटिक झाली आणि भस्सकन निळी आग आली!

जोलीन लहानपणासारखी माझ्यापुढे फतकल मारून बसली. बराच वेळ तिने हात शेकले.

"शहराचं पुढच्या हिवाळ्यात बघू," ती म्हणाली. "आई, बाबांचं ते फडकं कुठंय गं?"

मित्रांनो, थंडीआधी आमच्या धुराड्यात एकदा डोकावत जा. आत कोणी झोपलेले असेल, तर आधी त्याची सोय लावा. मग आम्हाला पेटवा.