खंडेनवमीच्या पाटावरची कवटी

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनी कवटी आहे. मला कारखान्यात घडवलेले नाही. एका आईनेच मला जन्म दिला. ती कोण, माझे नाव काय, हे आता मलाही आठवत नाही.

मेडिकल कॉलेजात वरच्या वर्गाने आपली हाडे खालच्या वर्गाला द्यायची रीत आहे. आपली म्हणजे स्वतःची नव्हेत, अभ्यासाची! अशी हातोहात फिरत मी १९९६ साली सानपाड्याच्या तेजश्रीकडे आले. तिचे वडील हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. घरचे बिथरतील म्हणून तिने मला पलंगाखालच्या ट्रंकेत लपवले. दार लावून ती माझ्यावर बोट फिरवत पाठांतर करी, तेव्हा मला फार बरे वाटे.

खंडेनवमीला पूजेचे ताम्हण काढायला तिच्या आईने, राजाबाईंनी, ट्रंक उघडली आणि हात नेमका माझ्या कपाळाला लागला.

"आगं बया! मानसाचं मुंडकं घरात? आत्ताच्या आत्ता भायेर काढ!"

"आई, पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे. ही गेली तर मी नापास होईन गं." तेजश्री रडायलाच लागली.

राजाबाईंचा भाचा कुलदीप रशियात डॉक्टरकी शिकत होता. सुट्टीत आलेला तो मध्ये पडला. "आत्या, आमच्याकडं पण कवटी शिकावीच लागते. आधी वर्षभर नुसती भाषा, मग सहा वर्षं डॉक्टरकी."

"आन हितं?" हौसेरावांनी विचारले.

"इथं साडेपाच. अमेरिकेत आधी चार वर्षं दुसरं कॉलेज, मग चार वर्षं हे."

"आन हाडं?"

"ती सगळीकडं सारखीच, मामा."

मग दोघे भावंडे मला हातात घेऊन माझ्या भागांची नावे घडाघडा म्हणू लागली. राजाबाई ऐकत राहिल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "समदं खरं. पर ह्ये व्हतं कोन?"

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल हे कुणी विचारले नव्हते. मला भरून आले.

राजाबाईंनी पाटावर धुतलेले फडके अंथरले. हौसेरावांच्या पोती ओढायच्या हुकाशेजारी मला ठेवले आणि हुकाला नि मला हळदकुंकू वाहिले. "ऱ्हाऊ दे घरात," त्या म्हणाल्या. "पर ट्रंकेत कोंबू नगंस. मानूस हाय."

तेजश्री पास झाली आणि मी पुढच्या मुलीकडे गेले. मित्रांनो, तुम्ही कुठल्याही देशात डॉक्टर व्हा. मला जपून धरा आणि आधी विचारा, तू कोण होतीस? उत्तर मिळणार नाही, तरी विचारा. मला देताना तेजश्रीने सगळी धूळ पुसली होती. कपाळावरचे कुंकू तेवढे तिने राहू दिले.